चाकाला पोचलेला नमस्कार

सांगलीत आमच्या कॉलनीच्या फाटकाशी यमुनाताई खुस्पेंचं गॅरेज आहे. कॉलनीचे अध्यक्ष असलेल्या मगदूम साहेबांच्या डोळ्यांत ते फार सलायचं. त्यात दसरा झाला आणि साहेबांची गाडी चालताना किंचाळायला लागली. ती निघाली की अख्खी कॉलनी गॅलरीत!

शेवटी एका सकाळी साहेब फाटकाशी गाडी थांबवून सगळ्यांदेखत गरजले, "बाई, गाडीला हात न लावता ही ब्रेकची ओरड थांबवून दाखव. नाही जमलं, तर उद्या गॅरेज हलव!"

यमुनाताईंनी कान टवकारले. "साहेब, एक चक्कर मारून या बघू."

ब्रेक दाबला काय, सोडला काय, ओरड तीच. म्हणजे ब्रेक झिजले नव्हते, चाकात काहीतरी घासत होतं.

"दसऱ्याला चाकांना हार कुणी बांधले?"

"मी स्वतः! चांगले तारेत ओवलेले."

"आणि सोडले कुणी?"

सोडले कुणीच नव्हते. फुलं गळली होती, तार आत शिरली होती.

ताईंनी पक्कड पुढे केली. "मला तर हात लावायची बंदी. तुम्हीच बसा खाली आणि ओढा."

साहेब गुडघ्यांवर बसले, घामाघूम झाले, तेव्हा कुठे वीतभर तार निघाली. गाडी मुकाट चालली.

"एवढी पूजा केली, तरी असं व्हावं?" साहेब पुटपुटले.

"उभ्या उभ्या केलीत ना, साहेब! चाकाला नमस्कार पोचला तो आज."

कॉलनी खदखदून हसली, साहेबसुद्धा. पुढच्या दसऱ्याला त्यांनी हार दोऱ्यात ओवले आणि पहिला बांधला तो यमुनाताईंच्या गॅरेजला.