सकाळचे हात

कोल्हापूरच्या सरनोबत फोटोग्राफरांच्या स्टुडिओत दारातच पाटी होती: मॉडेलनं आयत्या वेळी शूट रद्द केलं, तर अर्धं मानधन भरायचं. फोटोग्राफरनंच रद्द केलं तर काय, याबद्दल पाटीवर अवाक्षर नव्हतं.

नवरीच्या दागिन्यांच्या शूटसाठी रेवती चौगुले सकाळी सातलाच आली. चार तास हात अवघडून तिनं मेंदीवाल्या बाईंकडून कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली. ती वाळवून खरवडली, हात केशरी निघाले, तेवढ्यात सरनोबत केबिनमधून बाहेर आले. "शूट रद्द. सराफांना मुंबईची मुलगी हवीय."

रेवतीचा कानांवर विश्वासच बसेना. उद्या तिचं साबणाच्या जाहिरातीचं काम होतं, आणि त्याला कोरे हात हवे होते.

"सर, मग माझं मानधन?"

"कसलं मानधन? रद्द म्हणजे काही घडलंच नाही असं समजायचं!"

रेवतीनं दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. "चालेल सर. मग सकाळी आणले होते तसे माझे हात परत द्या, मी निघते."

सरनोबतांनी रागारागानं लिंबू मागवून तिच्यापुढे आपटलं. "हे घे! चोळ, निघेल सगळं!"

मेंदीवाल्या बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो सर, लिंबानं रंग आणखी चढतो!"

सरनोबतांचा चेहरा त्या मेंदीहून लाल झाला. पूर्ण मानधन मोजूनच त्यांची सुटका झाली.

पाटीवर आता एक ओळ वाढलीय: फोटोग्राफरला शूट रद्द करायचं असल्यास मेंदीचा कोन कापण्याआधी करावं.