अध्यक्षांच्या तोंडातला खरवस

वृंदा सोनटक्केच्या कचऱ्यात अंड्याची टरफलं सापडली आणि शाकाहारी म्हणून मिरवणाऱ्या त्या सोसायटीत गहजब झाला. अध्यक्ष तात्यासाहेब गोडांबे यांनी लगेच गच्चीवर सभा बोलावली. भाडेकरू वृंदाला घालवायचंच, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. वृंदाच्या लेकीची दहावी तोंडावर आलेली, आता घर कुठे शोधायचं?

"अहो, मी मटण-मासे खात नाही. अंडं मला दुधासारखंच," ती म्हणाली.

"दुधासारखं?" तात्यासाहेब गरजले. "अंड्यावर पिल्लाचा हक्क! पिल्लाच्या हक्काचं जो खाईल, त्याने आजच घर सोडावं!"

"कोणीही असो?"

"कोणीही! माझा शब्द आहे."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मालूताई खरवसाचं ताट घेऊन आल्या. गावाकडची गाय नुकतीच व्यायली होती ना! तात्यांनी दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या.

वृंदा झटकन उठली. "तात्या, गाईचा पहिला चीक कोणाच्या हक्काचा हो?"

तात्यांचं तोंड भरलेलं. "वासराच्या," मालूताईंनीच सांगून टाकलं.

"माझ्या अंड्यांतून पिल्लू निघणारच नव्हतं, पोल्ट्रीतल्या त्या कोंबड्यांकडे कोंबडा फिरकतसुद्धा नाही. तुमच्या वड्यांचा धनी मात्र गोठ्यात हंबरतोय. सामान बांधायला येऊ का?"

गच्चीवर हशा उसळला. तात्यांनी घास कसाबसा गिळला आणि सभा संपवली.

मालूताईंनी वृंदाच्या हातावर वडी ठेवली. "खा गं. आता हेही इथेच आणि तूही इथेच!"