ढालीवरचा सेबल

रशियातलं शहर न् शहर मला तोंडपाठ आहे. फक्त नावं आठवत नाहीत. अशाच एका शहरानं फार पूर्वी आपल्या मानचिन्हावर सेबल रंगवला. हा मुंगसाएवढा, मऊ केसांचा जंगली प्राणी. त्याच्या कातड्यांच्या व्यापारावरच ते शहर गब्बर झालं होतं. नकाशात शोधत बसू नका.

हे मानचिन्ह रंगवलेली ढाल वेशीवर टांगलेली होती. तिच्यावरून सेबलला लांबचं जंगल दिसे. रंगारी दरवर्षी त्याला नवा सोनेरी रंग देई, तरी याची नजर आपली जंगलाकडेच.

एकदा तो कावळ्याला म्हणाला, "कावळेदादा, माझ्या भावंडांना सांग ना, फार आठवण येते. एकदा तरी वेशीपाशी या."

"अरे सोनेरी शहाण्या, ती केव्हाच आली, याच वेशीतून! जरा खाली बघ, लोकांच्या टोप्यांकडे."