धनेशाची भिंत

कुंभवती नगरात दृढसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व नगराजवळच्या डोंगरात धनेश पक्षी होऊन जन्मला होता. त्याची जोडीदारीण वडाच्या ढोलीत अंड्यांवर बसली होती. धनेशांची रीत अशी, की मादी ढोलीत शिरते आणि चिखल व विष्ठा चोचीने थापून आतून आपले दार आपणच लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसे झडतात आणि नवी येतात. तोवर नर दिवसभर उंबरे वेचतो, आणि गळ्यातून एकेक काढून तिला भरवतो. वेळ झाली, की ती आपल्याच चोचीने भिंत फोडून बाहेर येते.

राजाचा पुरोहित सोमदंत एकदा पालखीतून त्या वडाखालून गेला. त्याने लिंपलेली ढोली पाहिली, फटीतली चोच पाहिली, आणि पालखी पुढे गेली. एवढ्या दर्शनावर त्याने महिनाभर प्रवचने झोडली.

"पाखरालासुद्धा कळतं, की स्त्रीनं भिंतीआड राहावं," तो म्हणे. "आपल्या बायका मात्र बाजार हिंडतात."

सभा मान डोलावत असे. राजाही डोलावत असे. राज्यकारभारातले तेवढेच काम तो मनापासून करी. शेवटी दवंडी पिटली गेली. पावसाळ्याचे चार महिने नगरातल्या सर्व स्त्रियांनी धनेशव्रत करावे. त्यांची दारे बाहेरून लिंपली जातील आणि वीतभर फट ठेवली जाईल.

लिंपायला माती हवी, म्हणून राजाची माणसे तिष्या कुंभारणीकडे गेली. तिष्येचा नवरा वारला होता. घरात ती आणि आंधळी सासू, आणि दोघींचे पोट तिच्या मडक्यांवर चाले. तिने मळलेल्या मातीने गल्लीतली दारे एकेक करून बंद झाली. पुरोहित स्वतः देखरेखीला उभा असे.

माती तुडवता तुडवता तिने विचारले, "महाराज, बाकीच्यांना नवरे आहेत, लेक आहेत. आम्हा दोघींना फटीतून कोण भरवणार?"

"धर्म भरवील."

"मग त्याला सांगून ठेवा, म्हातारीला दात नाहीत. पेज पातळ लागते."

पुरोहित संतापला. बाईची जीभ फार चालते, असे म्हणून त्याने तिचे दार उद्याच लिंपायचा हुकूम सोडला.

शेजारच्या उंबरावर बसलेल्या बोधिसत्त्वाने हे सारे ऐकले. त्याचा गळा फळांनी भरला होता, म्हणून त्याला तिथे बोलता आले नाही. तो ढोलीपाशी जाऊन घडले ते सांगू लागला, तर शब्द फळांत अडकले.

"आधी ती उंबरं दे," जोडीदारीण म्हणाली. खाऊन झाल्यावर तिने सारे ऐकले आणि विचारले, "म्हणजे माझ्या भिंतीवर त्यांनी धर्म उभारला, आणि मला एका शब्दानं विचारलं नाही?"

"वर नीट बघितलंसुद्धा नाही."

"मग जा, सांग त्यांना."

"तिथे शिकारी आहेत. आपल्या चरबीचं तेल काढतात. मी परत आलो नाही, तर तुझ्या पंखांना अजून पिसं नाहीत."

तिने फटीतून चोच बाहेर काढली. मग म्हणाली, "तर भिंत फोडीन आणि चालत जाईन. त्या बाईला फोडता येणार नाही. तिचं दार बाहेरून लिंपतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी, मातीच्या पाट्या तिष्येच्या दाराकडे निघाल्या असताना, बोधिसत्त्व राजसभेत उतरला. दाराशी एक शिकारी धनुष्य घेऊन उभा होता. बोधिसत्त्वाने मनुष्यवाणीने सांगितले, की भिंत मादी बांधते, तीही आतून, फोडतेही तीच, आणि आपण दिवसाला तीस खेपा घालतो.

पुरोहित हसला. "पाखराला शास्त्र काय कळणार?"

"शास्त्र नाही कळत. पण ती ढोली माझ्या घरची आहे."

पुरोहिताने पुन्हा तेच प्रवचन लावले. बोधिसत्त्वाने पुन्हा तेच सांगितले. राजाने दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली. असे तीनदा झाले. शिकाऱ्याने बाण लावला होता आणि हुकमाची वाट पाहत होता.

चौथ्या वेळी बोधिसत्त्व म्हणाला, "राजा, व्रत धनेशाचं आहे ना? मग अख्खं पाळा. जिला हवं ती आपलं दार आपण लिंपेल, आणि वाटेल तेव्हा फोडेल. तोवर घरच्या पुरुषानं दिवसातून तीसदा तिला अन्न आणावं, आणि तिच्याआधी स्वतः खाऊ नये. ज्या घरी पुरुष नाही, तिथे पुरोहितानं आणावं."

राजाने मान डोलावली, आणि लेखनिकाने तेवढ्यात हुकूम लिहून टाकला.

नगरातली दारे बाहेरून फोडली गेली आणि बायका बाहेर आल्या. दोघी मात्र आपणहून आत बसल्या. एक पुरोहिताची बायको भानुमती. तिने नवऱ्याची प्रवचने तीस वर्षे ऐकली होती. तिने दार नीट लिंपले आणि फटीतून हात बाहेर काढला. दुसरी तिष्येची सासू, जिला पेज पातळ लागे.

दोन्ही घरच्या मिळून दिवसाला साठ खेपा पुरोहिताच्या वाट्याला आल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला शास्त्रात नवा अर्थ सापडला, आणि व्रत रद्द झाले. ही कथा लिहिताना इथे मला, लिहिणाऱ्याला, दर वेळी चीड येते. तिष्या आणि तिची सासू उपाशी राहतील, हे ज्याला कळले नाही, त्याला स्वतःचे गुडघे दुखल्यावर धर्म कळला. बोधिसत्त्व हे पाहायला थांबला नव्हता. त्याच्या सहा खेपा चुकल्या होत्या.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवनातल्या सभेला म्हणाले, "स्त्रियांना धर्म कितपत कळेल, असे काल ज्या उपासकाने विचारले, तो तेव्हाचा सोमदंत. 'आधी आम्हाला विचारून तरी बघा', असे त्याला म्हणाली ती भिक्षुणी माझी ढोलीतली जोडीदारीण. इथे रांगेच्या टोकाला बसलेली भिक्षुणी, जिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही, ती तिष्या. धनेश मी होतो."

"आणि राजा, भगवन्?" एका भिक्षूने विचारले.

"हे ऐकून माना डोलावता आहात ते तुम्ही सगळे."

सभेतल्या माना जागच्या जागी थांबल्या.

हे जातक क्षांतीचे, म्हणजे सहनशीलतेचे आहे. क्षांती म्हटली, की आपण ती बायकांच्या पदरात टाकून मोकळे होतो. इथे ती त्या पाखराची आहे, ज्याला स्वतःच्या घरातली गोष्ट शहाण्यांना चारदा सांगावी लागली.