शिंपल्यांचा महाल

एका राज्यात एक खाडी होती आणि खाडीच्या मुखाशी कालवांचा लांबच लांब खडक होता. कालव म्हणजे शिंपल्यात राहणारा जीव. त्याला ना डोळे, ना पाय. पण त्याच्या जिवावर आपले राज्य उभे आहे, हे राजाला ठाऊक नव्हते. राजांना अशा गोष्टी उशिराच कळतात.

तिथे एक रीत होती. कालव खाल्ले की रिकामा शिंपला परत खडकावर नेऊन ठेवायचा आणि म्हणायचे, "घर घे, पोर दे." कालवाचे पिल्लू पाण्यातून तरंगत येते आणि जुन्या शिंपल्याला चिकटले तरच जगते, म्हणून ही रीत.

राजा धवलसेनाने परदेशची राणी आणली. तिचे नाव मृणालवती. लाडात येऊन ती म्हणाली, "महाराज, चांदण्यात झळकेल असा महाल मला हवा."

राजाने खडक फोडला. चांगले शिंपले भिंतींत जडवले, उरलेले भट्टीत जाळून त्यांचा चुना केला. खडकावर राहणारा म्हातारा मांत्रिक आडवा आला, त्याला शिपायांनी पाण्यात ढकलले. बुडता बुडता तो म्हणाला, "ज्याने घरे जाळली, तो स्वतः चुना होईल. खडक पुन्हा उभा राहील तेव्हाच शाप सुटेल."

खाडीचे पाणी काळे पडले. मासे पोट वर करून तरंगू लागले. लाटांना अडवणारे कुणी उरले नाही, तेव्हा भरतीगणिक समुद्र नगरातली एकेक आळी गिळू लागला. आणि एका सकाळी राजाची पावले पांढरी, टणक झाली.

राणीला मांत्रिकाचा शाप आठवला. तो महाल तिनेच मागितला होता. ती अनवाणी खाडीवर गेली. तिथे लाल चोचीचा एक पक्षी चिखलात बसला होता. कालवे फोडून खाणारा तो. आता हाडांचा सापळा उरला होता.

"राणी, शाप सुटायला तीन कामे आहेत," पक्षी म्हणाला. "पहिले, या खाडीतले शेवटचे जिवंत कालव शोध."

राणी ओहोटीमागून ओहोटी चिखल उपसत राहिली. हाताची सालटी निघाली. अखेर एका बुडालेल्या होडीच्या तळाला ते सापडले. तिला भूक असह्य झाली होती, आणि पक्ष्यालाही. पण दोघांनीही ते खाल्ले नाही.

"दुसरे, त्याला घागरीत खाडीच्या पाण्यात ठेव आणि बघत बस."

राणी बसली. घागरीतले पाणी काजळासारखे होते. कालवाने शिंपला किंचित उघडला. ते घाण आत घेई, निवळ पाणी बाहेर सोडी. उन्हे उतरली तेव्हा राणीला घागरीचा तळ दिसला. आपण काय मोडले, हे तिला त्या तळाशी कळले आणि ती ढसाढसा रडली.

"तिसरे, त्याच्या पोरांना घरे दे."

राणीने स्वतःच्या हाताने महालाची पहिली भिंत फोडली. मग नगरातल्या बायका आल्या. कुणी तिला शिव्या दिल्या, कुणी पहार दिली. टोपल्या भरभरून शिंपले खाडीमुखाशी गेले. शेवटचे कालव राणीने त्यांच्यात ठेवले. खडक काठाकाठाने उठला, पण मधे एक खिंडार राहिले. तिथले शिंपले भट्टीत गेले होते. खिंडारातून भरती आत घुसे आणि रचलेले सारे उधळून टाकी.

राजा आता गळ्यापर्यंत चुना झाला होता. तो म्हणाला, "मला तिथे ने."

"महाराज, तुम्ही वाचावे म्हणून मी हे सारे केले."

"ठाऊक आहे. ती घरे मी जाळली. तिथे मीच बसायला हवा."

राणीने पक्ष्याकडे पाहिले. "दुसरा मार्ग?"

"नाही," पक्षी म्हणाला.

बायकांनी राजाला होडीत घातले आणि ओहोटीला खिंडारात उभे केले. भरती चढू लागली. त्याचे ओठ पांढरे व्हायच्या आत तो म्हणाला, "राणी, रीतीप्रमाणे बोल."

पाणी त्याच्या छातीला लागले तेव्हा ती म्हणाली, "घर घे." आणि थांबली. मग कशीबशी म्हणाली, "पोर दे."

लाट आली, खडकावर आपटली आणि तिथेच फुटली. नगरात त्या दिवशी पाणी शिरले नाही.

शाप सुटला, पण राजा आता खडकाचाच झाला होता. खाडी निवळली, मासे खडकाच्या कपारींत अंडी घालू लागले, बायका पुन्हा शिंपले परत नेऊन ठेवू लागल्या. महालाच्या जागी आता गवत आहे. मृणालवती राज्य करते आणि मोठ्या ओहोटीला एकटीच खडकावर जाते. राजाच्या उघड्या तळहातावर नखाएवढी कालवे दाटीने बसली आहेत. ती त्यांच्यावरचा चिखल बोटाने हलकेच पुसते आणि भरती यायच्या आत परत फिरते.