टिटवीने काय सांगावं

फार वर्षांमागे एका तळ्याकाठी म्हातारं कासव राहायचं. संध्याकाळी सगळी बदकं परतली की नाही, हे ते मोजून पाहायचं. राखणीला टिटवी होती, पण ती सगळंच ओरडून सांगायची. "आजोबा, पान पडलं. आजोबा, बेडूक हलला. आजोबा, पाचवं बदक आलं, आता सहावं येतंय." कासवाची मोजणी चुकायची आणि ते पुन्हा एकपासून सुरू करायचं. एकदा वैतागून ते म्हणालं, "आता एक अक्षर बोलू नकोस."

त्याच संध्याकाळी कोल्हा आला. टिटवी गप्पच राहिली. त्याच्या झडपेने बदकाच्या एका पिलाचा पंख फाटला, ते कसंबसं पाण्यात निसटलं.

"का गं ओरडली नाहीस?" कासवाने विचारलं.

"तुम्हीच नको म्हणालात," टिटवी रडत म्हणाली.

कासव बराच वेळ पिलाजवळ बसलं. मग म्हणालं, "चूक माझीच. पान पडलं तर मनात ठेव. कुणी लंगडत आलं तर माझ्या कानात सांग. कोल्हा दिसला तर मात्र सगळं तळं जागं होईल अशी ओरड."

दुसऱ्या दिवशी मोजणी शांतपणे चालली होती. मध्येच कासव थांबलं. "टिटवे, आहेस ना?"

"आहे, आजोबा."

"तेवढं मधूनमधून सांगत जा."