मुकुटावरची घोरपड

“दोन्हींतलं सोडू कोणतं, ते सांगा आक्का. आज. आत्ता.”

“दार लाव आधी. राख उडते.”

इंद्रजितने दार लावलं. जरा आपटूनच.

गोदाक्का शेगडीपुढे बसली होती. शेगडीवर परात, परातीत पांढरे दाणे, दाण्यांतून गोल फिरणारी तिची चार बोटं. ती बोटं पन्नास वर्षं अशीच फिरत होती. तिळावर साखरेचा पाक थेंबाथेंबाने चढवायचा, प्रत्येक थेंब सुकू द्यायचा, म्हणजे तिसऱ्या दिवशी दाण्याला काटा येतो. त्याला हलवा म्हणायचं. तो दोऱ्यात ओवून संक्रांतीचे दागिने करायचे. साताऱ्यातल्या निम्म्या बाळांनी तिच्या हातचा मुकुट डोक्यावर घातला होता आणि मग ओढून खाल्ला होता.

म्हातारी प्रेमळ वगैरे नव्हती. तिच्याकडे शिकायला आलेल्या सात जणांपैकी सहा रडत गेले होते. सातवा इंद्रजित. तो रडला नव्हता, म्हणून त्याला वाटायचं आपण जिंकलो.

“ऐकू आलं का आक्का?”

“आलं.”

“मग?”

त्याने पिशवीतून मुकुट काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

“कणसे वहिनींनी परत पाठवला. पाच वाजता त्यांच्या बाळाचं बोरन्हाण. म्हणाल्या, माझ्या लेकराच्या डोक्यावर पाल? आक्कांकडून नीट करून आण.”

गोदाक्काने मान वाकडी करून बघितलं. मुकुटाच्या मधोमध हलव्याच्या दाण्यांचा एक प्राणी होता. लांब शेपूट, चार पाय, दोन पंख.

“पाल आहे का ही?”

“घोरपड आहे! पंखांची!”

“अच्छा. पालीची मोठी बहीण.”

“आक्का!”

“अरे, पाल डोक्यावर पडली तर माणसं आंघोळ करून देवापुढे दिवा लावतात. तू ती शिवून पाठवलीस.”

ती हसली. तिला पुढचे दोन दात नव्हते आणि त्याची तिला लाजही नव्हती.

इंद्रजित हसला नाही. दोन वर्षं तो एक वही भरत होता. वहीत ढगांत तरंगणारा एक गड होता. त्याला बुरूज होते, चोरवाटा होत्या, आणि पहाऱ्यावर पंखांच्या घोरपडी होत्या. ह्या वहीपायी त्याने चित्रकलेचं कॉलेज सोडलं होतं. तिथले सर म्हणाले होते, आधी मडकं काढ. त्याने मडक्यातून बाहेर येणारी घोरपड काढली. सरांनी तिचे पंख खोडून टाकले. वीस वर्षं ते पोरांकडून तेच मडकं काढून घेत होते. मडकंसुद्धा कंटाळलं असेल.

घरी तो आणि आई. शुक्रवार पेठेत दोन खोल्या, त्याच दुकान, त्याच कारखाना. पौषात हलवा, उन्हाळ्यात लग्नांचं रुखवत, श्रावणात राख्या. मधल्या फटींत वही.

सल्ले सगळ्यांनी दिले. मामा म्हणाला, चित्रं रविवारी काढ. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, तरुणांनी संतुलन साधावं. ते स्वतः निवृत्तीपासून फक्त झोप आणि वर्तमानपत्र यांत संतुलन साधत होते. ह्यांतल्या एकानेही सही सोडून जन्मात रेघ ओढली नव्हती.

“म्हणून तुमच्याकडे आलो,” तो म्हणाला. “मला ना धड वही पुरी करता येते, ना धड हलवा. दोन्ही एकत्र करून बघितलं, तर पाल झाली. आता एक सोडतो. तुम्ही म्हणाल ते. वही म्हणालात तर ह्याच शेगडीत घालतो.”

त्याने वहीपण काढली. तो खोटं बोलत नव्हता.

गोदाक्काने वहीकडे बघितलंच नाही. तिने मुकुट उचलला, घोरपडीची शेपटी नखाने उचकटली...

आणि तोंडात टाकली.

“अहो!”

मग पंख. मग पाय. मग डोकं.

“आक्का, दोन दिवस घालवले होते तिच्यावर!”

“गोड आहे.” ती चघळत राहिली. “काटा नाही. गोळ्या झाल्यात नुसत्या. गुळगुळीत. पळीभर पाक एकदम ओतलास ना?”

“घाई होती.”

“कसली?”

“वही उघडी पडली होती पलीकडे.”

“हं. दे बघू ती.”

तिने साखरेच्या बोटांनीच वही घेतली. पान चिकटलं, तिने ओढून सुटं केलं. पानभर एक घोरपड बुरुजावर बसली होती. गोदाक्का तिच्या पाठीवरून बोट न टेकवता फिरवत गेली. ओठ हलत होते. ती मोजत होती.

“हे अकरा खवले कोणी काढले?”

“मी.”

“सुरेख आहेत. आणि ह्या पुढच्या नागमोड्या रेघोट्या?”

“त्यापण मीच.”

“हट्.”

“खरंच मीच. तेव्हा गॅसवर पाक होता. करपायला लागला असता.”

गोदाक्काने वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली. परात ढवळायला लागली.

इंद्रजितचा राग मात्र उतरला नव्हता. “समजलं. जे करशील ते मन लावून कर. हेच ना? हे आमच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं होतं आक्का. त्याखाली शिपाई झोपायचा.”

“मी असं कुठं म्हटलं?”

“मग काय म्हटलंत?”

“काटा नाही, एवढंच म्हटलं. सरक इकडे. पाच वाजता मुकुट द्यायचाय ना? ही परात तिसऱ्या दिवसाची आहे. शेवटचे थेंब राहिलेत. बस.”

तो बसला. चिडूनच बसला. चमचा घेतला, पाक उचलला, आणि सवयीने हात थोडा जास्तच वाकडा झाला...

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. पकड अशी की चिमटाच.

“थेंब.”

त्याने थेंब टाकला. बोटं फिरवली. परात गरम होती. दाणे एकमेकांना चिकटत होते, सुटत होते.

“आता दुसरा?”

“सुकला का?”

“नाही.”

“मग?”

“मग तोवर काय करू?”

“गडाचं सांग. कोण राहतं तिथं?”

इंद्रजितने तिच्याकडे संशयाने बघितलं. चेष्टा असेल असं वाटलं. तिचा चेहरा परातीकडे होता.

“घोरपडी. उडणाऱ्या. लढाईच्या.”

“लढतात कुणाशी?”

“खालच्यांशी. खाली... म्हणजे ते अजून ठरलेलं नाही.”

“थेंब टाक. सुकला.”

त्याने टाकला.

“जेवतात काय?”

“कोण?”

“घोरपडी.”

“आक्का, कल्पनेतला गड आहे तो.”

“कल्पनेत भूक लागत नाही? आणि पाणी कुठून येतं वर? टाकी आहेत का, रायगडासारखी?”

“ढगांतच आहे गड. पाणीच पाणी.”

“बरं सुचलं. आणि थंडीत काय पांघरतात? पंख?”

“हो... पंखच.” हे त्याने आधी कधी ठरवलं नव्हतं. “एका पंखात स्वतः झोपतात. दुसरा शेजारच्यावर घालतात.”

“थेंब.”

त्याने टाकला.

“झाडतं कोण? एवढी शेपटी घेऊन पोळ्या कशा लाटतात? सण असतो का एखादा?”

“सण नाही.”

“मग राहायला अजून कोणी आलेलं नाही बाबा. नुसता गड बांधून कुलूप लावून ठेवलायस.”

इंद्रजितला उत्तर द्यायचं होतं. कडक उत्तर. पण थेंब सुकला होता, तो टाकावा लागला. मग बोटं फिरवावी लागली. मग त्या घोरपडी पोळ्या कशा लाटत असतील हे डोळ्यांपुढे आलं, आणि त्याला हसू फुटलं. शेपटीनेच लाटत असणार. वेगळं लाटणं हवंच कशाला?

एवढ्यात बोटांना टोचलं.

“आक्का...”

“आला ना?”

काटा आला होता. प्रत्येक दाण्यावर. बारीक, पांढरा, जुईच्या कळ्यांवर शहारा यावा तसा.

मग ती सोनेरी कागदाच्या पट्ट्या कापत होती, तो दाणे ओवत होता. डिंक तिच्या घरात चालत नसे. बाळ सगळं तोंडात घालतं, तिथे फक्त दोरा. मुकुट साधा झाला. तीन पाकळ्या, मधे एक मोठं फूल. घोरपड नाही.

साडेचारला कणसे वहिनी स्वतःच आल्या. कडेवर बाळ, काळ्या झबल्यात, नाक वाहतंय.

“झाला का हो आक्का? तिकडे बोरं, चुरमुरे, सगळं तयार. पोरं आत्तापासूनच लुटायला टपून बसलीत.” मग इंद्रजितकडे बघून आवाज चढवला, “ह्यात नाही ना कुठं पाल?”

“पाल मी खाल्ली,” गोदाक्का म्हणाली.

वहिनींनी बाळाला घट्ट धरलं.

“काय?”

“खाल्ली. गोड होती.”

इंद्रजितने मुकुट पुढे केला. वहिनींनी तो उलटा केला, सुलटा केला, फुलाच्या मागे डोकावून बघितलं. काहीच सापडेना तेव्हा बाळाच्या डोक्यावर ठेवला. बाळाने तो लगेच ओढला आणि फुलाचा एक दाणा तोंडात घातला. काटा जिभेला लागला. बाळाने तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि दुसऱ्या दाण्याकडे हात नेला.

“अगं बाई, पाचपर्यंत तरी राहू दे!” वहिनी हसत सुटल्या. जाताना दारातून इंद्रजितला म्हणाल्या, “छान केलायस हो. असंच करत जा. कशाला ते नसतं काही?”

दार लागलं.

इंद्रजितने उसासा सोडला. “बघा. ऐकलंत? नसतं काही.”

“ऐकलं. पालीला घाबरणारी बाई आहे ती. तिचं काय मनावर घ्यायचं?”

“पण मग सांगा ना आक्का. सकाळपासून विचारतोय. सोडू कोणतं?”

गोदाक्का उठली. गुडघे धरून, दोनदा प्रयत्न करून. शेगडीतले कोळसे चिमट्याने बाजूला केले, परात भिंतीला टेकवली, हात धुतले. वही जमिनीवर होती. ती ओलांडून गेली, मग परत आली, वाकली, ती उचलून फळीवर ठेवली. पिठाच्या डब्याशेजारी.

“तुझ्या त्या घोरपडीला पिल्लू आहे का?”

“पिल्लू? नाही. म्हणजे... काढलं नाही अजून.”

“किती दिवसांचं काढशील?”

“कशाला?”

“वर्षाच्या आतलं बरं.”

“कशाला पण आक्का?”

ती दाराशी गेली, बाहेरची थंडी आत घेतली आणि पदर खांद्यावर ओढला.

“मुकुटाला त्याच्या डोक्याचं माप घेऊन ये. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंतच करता येतं.”